दीड टक्क्याचा मालक : सॅमसंगचा वारसा नातवाच्या हाती कसा आला

सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचे कार्यकारी अध्यक्ष ली जे-योंग यांच्या स्वतःच्या नावावर या कंपनीचे दीड टक्क्याहून किंचितच अधिक समभाग आहेत. तरीही सॅमसंगची सूत्रे कोणाच्या हाती आहेत, याबद्दल दक्षिण कोरियात कोणाच्याही मनात शंका नाही. तेथील स्पर्धा नियामक आयोग प्रत्येक मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रत्यक्ष नियंत्रकाचे नाव अधिकृतपणे जाहीर करतो आणि 2018 पासून सॅमसंगपुढे ली जे-योंग हेच नाव लिहिलेले आहे. एवढ्याशा मालकीतून एवढी मोठी सत्ता कशी निर्माण होते, हे समजले की या माणसाचे बहुतेक आयुष्य समजते. त्यांच्या कारकिर्दीची तीस वर्षे एखाद्या नव्या उत्पादनापेक्षा, आजोबांनी उभा केलेला समूह नातवाच्या ताब्यात कसा द्यायचा, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहेत.

आजोबा ली ब्युंग-चुल यांनी 1938 मध्ये देगू शहरात सुकी मासळी, फळे, भाज्या आणि शेवया यांचा व्यापार करणारे दुकान काढले, तेथून या समूहाची सुरुवात झाली. 1987 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा थोरल्या दोन मुलांना बाजूला ठेवून तिसऱ्या मुलाकडे, म्हणजे ली कुन-ही यांच्याकडे, कारभार आला. थोरल्या घराकडे आज सीजे समूह आहे, एका मुलीकडे शिनसेगे हा किरकोळ विक्रीचा व्यवसाय गेला, तर दुसरीकडे कागदनिर्मितीतला हानसोल. त्या पिढीत वारस कोण, हा कळीचा प्रश्न होता आणि त्याची कटुता पुढे न्यायालयापर्यंत गेली. 2012 मध्ये थोरल्या भावाने धाकट्यावर वारसाहक्काचा दावा लावला आणि तो हरला. जे-योंग यांच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवला नाही. ते एकुलते एक पुत्र, बाकी बहिणी, आणि कोरियन उद्योगघराण्यांची रीत पाहता निवड जणू जन्मतःच झालेली होती. वारस ठरलेला होता, वारसा पोहोचवायचा कसा एवढेच उरले होते.

शिक्षण अशा घराण्याला साजेसे झाले. जन्म 1968 चा, अमेरिकेतील वॉशिंग्टनचा. सोल राष्ट्रीय विद्यापीठात पूर्व आशियाचा इतिहास, जपानमधील केइओ विद्यापीठात व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, नंतर हार्वर्डमध्ये डॉक्टरेटचा अभ्यास, जो पूर्ण झाला नाही. सॅमसंगमध्ये त्यांचे नाव 1991 मध्येच नोंदले गेले होते.

आता अडचणीकडे वळू. भारतात मालमत्ता शुल्क 1985 मध्ये रद्द झाले, त्यामुळे वडिलांचे समभाग मुलांच्या नावावर होताना सरकारला वाटा द्यावा लागतो, ही कल्पना आपल्याकडे आता कोणाच्या डोक्यातही येत नाही. कोरियात मात्र वारसा कराचा कमाल दर 50 टक्के आहे आणि कंपनीवर नियंत्रण असलेल्या मोठ्या भागधारकाच्या समभागांवर अधिभार धरला तर तो 60 टक्क्यांपर्यंत जातो. शंभर समभागांतले साठ करात गेले, तर मुलाकडे चाळीस उरतात आणि नातवाकडे सोळा. सरळ मार्गाने गेले तर तिसऱ्या पिढीपर्यंत घराण्याचा ताबा सुटतो. त्यातच सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स एवढी फुगली होती की तिचे पाच टक्के समभाग बाजारातून विकत घेणेसुद्धा कोणा एका कुटुंबाच्या आवाक्यातले राहिले नव्हते.

यावर कोरियातल्या चेबोल म्हणवल्या जाणाऱ्या कौटुंबिक समूहांनी काढलेला उपाय म्हणजे कंपन्यांनी एकमेकींचे समभाग धरून ठेवणे. पहिली कंपनी दुसरीचा मोठा हिस्सा बाळगते, दुसरी तिसरीचा, आणि कधीकधी तिसरी पुन्हा पहिलीचा. या साखळीतली पहिली कडी ज्याच्या हातात, त्याच्या हातात शेवटची कडीही आपोआप येते, कारण मधल्या प्रत्येक कंपनीचे मत तोच ठरवतो. पैसा मात्र त्याचा एकट्याचा लागत नाही. तो विमाधारकांचा, ठेवीदारांचा आणि लहान भागधारकांचा असतो. म्हणून ली जे-योंग यांना सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स विकत घेण्याची गरज नव्हती. त्यांना हवी होती पहिली कडी, तीही ती स्वस्त असतानाच.

ही पहिली कडी म्हणजे एक मनोरंजन उद्यान होते, हे ऐकून पहिल्यांदा हसू येते. सोलजवळच्या योंगिन येथील आकाशपाळणे, प्राणिसंग्रहालय आणि फुलबागा यांच्यासाठी कोरियन मुलांना परिचित असलेली एव्हरलँड ही कंपनी तेव्हा शेअर बाजारात नोंदलेली नव्हती, त्यामुळे तिच्या समभागाचा बाजारभाव असा काही नव्हता. मेख इथेच होती. 1995 मध्ये वडिलांनी जे-योंग यांना सुमारे 600 कोटी वॉन भेट दिले आणि त्यावर सुमारे 160 कोटी वॉन भेटकर भरला गेला. या संपूर्ण सत्तांतरासाठी पुढची पंचवीस वर्षे भरलेला ठळक असा कर तेवढाच, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. उरलेल्या रकमेतून समूहातल्याच, अद्याप बाजारात न आलेल्या कंपन्यांचे समभाग घेतले गेले, त्या कंपन्या बाजारात आल्यावर ते चढ्या भावाने विकले गेले आणि हाती भांडवल जमले.

1996 च्या अखेरीस एव्हरलँडने परिवर्तनीय रोखे काढले. असा रोखा म्हणजे सुरुवातीला कंपनीला दिलेले कर्ज असते, पण धारकाची इच्छा असल्यास ठरलेल्या भावाने त्याचे समभागांत रूपांतर करता येते. ठरलेला भाव होता प्रतिसमभाग 7,700 वॉन. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे समभागाची खरी किंमत किमान 85,000 वॉन होती. नियमाप्रमाणे रोखे आधी जुन्या भागधारकांना देऊ केले गेले. हे भागधारक बहुतांशी सॅमसंगच्याच कंपन्या आणि माणसे होती. जवळजवळ सर्वांनी स्वस्तात मिळणारा हा हक्क सोडून दिला. सोडलेले रोखे जे-योंग आणि त्यांच्या बहिणींकडे गेले. सुमारे 480 कोटी वॉनमध्ये जे-योंग एव्हरलँडचे सर्वांत मोठे भागधारक झाले. पुढे एव्हरलँडने सॅमसंग लाइफ या विमा कंपनीचा मोठा हिस्सा घेतला; सॅमसंग लाइफकडे सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचे समभाग आधीपासूनच होते. साखळी जुळली. रोखे घेतले तेव्हा वारसाचे वय होते अठ्ठावीस.

2000 मध्ये 43 कायदा प्राध्यापकांनी या व्यवहाराविरुद्ध फौजदारी तक्रार दाखल केली. प्रकरण नऊ वर्षे चालले आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा मतांनी ठरवले की हा विश्वासघाताचा गुन्हा नाही. बहुमताचा तर्क असा होता की जुन्या भागधारकांना संधी दिली गेली होती, त्यांनी ती स्वखुशीने नाकारली, म्हणून संचालकांनी कंपनीचे नुकसान केले असे म्हणता येणार नाही. कायद्याच्या चौकटीत हा तर्क बसतो. परंतु ज्या कंपन्यांनी हक्क सोडला त्यांच्या स्वतःच्या लहान भागधारकांचे काय, हा प्रश्न त्यात अलगद बाजूला पडतो, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या वादांचे मूळ तेथेच आहे.

दरम्यान समूहातल्या एका माजी वकिलाने 2007 मध्ये गुप्त निधीचे आरोप केले, वडिलांनी 2008 मध्ये राजीनामा दिला, त्यांना करचुकवेगिरीसाठी स्थगित शिक्षा झाली, 2009 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली आणि 2010 मध्ये ते परत आले. खटला, स्थगित शिक्षा, माफी, पुनरागमन हा क्रम मुलाने जवळून पाहिला.

मुलाची स्वतःची व्यावसायिक सुरुवात फारशी उजळ नव्हती. 2000 च्या सुमारास इंटरनेटच्या लाटेत त्यांच्या नावाने उभ्या केलेल्या ई-सॅमसंगच्या उपक्रमाचा बोजवारा उडाला आणि त्यातले त्यांचे समभाग समूहातल्या कंपन्यांनी विकत घेतले. म्हणजे अपयशही घराण्याच्या खिशातून गेले नाही. नंतर ते मुख्य कार्यचालन अधिकारी आणि 2012 मध्ये उपाध्यक्ष झाले. त्यांचे बळ वेगळ्या जागी दिसले. स्टीव्ह जॉब्स यांच्या निधनानंतर, अॅपल आणि सॅमसंग यांच्यात पेटंटचे खटले ऐन भरात असताना, त्यांच्या स्मरणसभेला जाणारे सॅमसंगचे प्रतिनिधी तेच होते. अॅपल हा प्रतिस्पर्धी होता तसाच सॅमसंगच्या चिप्सचा मोठा ग्राहकही होता, आणि हे दुहेरी नाते सांभाळणे हे त्यांचे काम होते. मुंबईकरांनी त्यांना अंबानी कुटुंबातील लग्नांमध्ये पाहिले असेल. जिओच्या 4जी जाळ्याची यंत्रसामग्री सॅमसंगने पुरवली होती हे ठाऊक असले की त्या उपस्थितीचा अर्थ निव्वळ स्नेहापुरता राहत नाही.

मे 2014 मध्ये ली कुन-ही यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर 2020 मध्ये निधन होईपर्यंत ते कामावर परतले नाहीत. सूत्रे मुलाकडे आली, पण पद नाही आणि पुरेसे समभागही नाहीत. त्यांनी संरक्षण व रसायन क्षेत्रातल्या कंपन्या हानव्हा आणि लोट्टे या समूहांना विकून टाकल्या आणि लक्ष इलेक्ट्रॉनिक्स, वित्त व जैवऔषधे यांवर केंद्रित केले. वडिलांच्या विस्ताराच्या धोरणापेक्षा हे वेगळे होते आणि उद्योजक म्हणून त्यांची छाप कोठे दिसत असेल तर ती या कपातीत. पण साखळीतली एक कडी अजून सैल होती. सॅमसंग सी अँड टी या बांधकाम आणि व्यापार करणाऱ्या कंपनीकडे सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचे सुमारे 4 टक्के समभाग होते, आणि त्या कंपनीत जे-योंग यांचा एकही समभाग नव्हता. एव्हरलँड तोपर्यंत चेइल इंडस्ट्रीज या नावाने बाजारात नोंदली गेली होती आणि तिच्यात त्यांचा हिस्सा 23 टक्क्यांहून थोडा अधिक होता. 26 मे 2015 रोजी या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली.

विलीनीकरणात सर्व काही विनिमय दरावर ठरते. दोन शेजाऱ्यांनी शेते एकत्र करून वाटे ठरवायचे असतील तर कोणाच्या जमिनीला किती भाव धरला, यावर प्रत्येकाचा वाटा ठरेल, आणि ज्याची सगळी जमीन एकाच बाजूला आहे त्याला दुसऱ्या बाजूची जमीन स्वस्त धरली गेलेली हवी असेल. येथे सी अँड टीच्या एका समभागामागे चेइलचे 0.35 समभाग असा दर ठरला. कोरियन कायद्यानुसार हा दर नजीकच्या बाजारभावांवरून काढला जातो, त्यामुळे आकडेमोड चुकीची होती असे कोणी म्हणू शकत नव्हते. आक्षेप वेळेबद्दल होता. सी अँड टीकडे असलेल्या इतर कंपन्यांच्या समभागांचीच किंमत तिच्या एकूण बाजारमूल्यापेक्षा अधिक असताना, नेमका हाच मुहूर्त का निवडला, असे एलियट मॅनेजमेंट या अमेरिकी गुंतवणूक निधीने विचारले. एलियटकडे सी अँड टीचे 7 टक्क्यांहून थोडे अधिक समभाग होते.

विलीनीकरणाला उपस्थित मतांपैकी दोन तृतीयांश मते लागत होती, आणि ती मिळवण्यासाठी सॅमसंगने केलेली धावपळ कोरियाने उघड्या डोळ्यांनी पाहिली. एका मित्रकंपनीला स्वतःकडचे राखीव समभाग विकून मते वाढवली गेली. कंपनीचे कर्मचारी लहान भागधारकांच्या दारी कलिंगडे आणि अक्रोडाचे केक घेऊन गेले. खरी किल्ली मात्र राष्ट्रीय निवृत्तिवेतन निधीकडे होती, कारण सी अँड टीचे सुमारे 11 टक्के समभाग त्याच्याकडे होते. निधीने हा विषय बाहेरच्या तज्ज्ञ समितीकडे न पाठवता आतल्याच समितीत निर्णय घेऊन बाजूने मत दिले. 17 जुलै 2015 रोजी ठराव 69.5 टक्के मतांनी, म्हणजे आवश्यकतेपेक्षा तीनेक टक्क्यांनी, संमत झाला. निधीवर दबाव आणल्याबद्दल तत्कालीन आरोग्यमंत्र्यांना पुढे तुरुंगवास झाला.

सामान्य कोरियन माणसाला सर्वाधिक झोंबले ते हेच. निवृत्तिवेतन निधी म्हणजे त्याच्याच पगारातून कापलेला पैसा.

त्यानंतर घोड्यांचे प्रकरण आले. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांची विश्वासू मैत्रीण चोई सून-सिल हिची मुलगी घोडेस्वारी करत असे आणि तिच्या सरावासाठी सॅमसंगने महागडे घोडे पुरवले. पार्क यांच्यावर महाभियोग चालवला गेला, आणि सत्तांतराला सरकारची साथ मिळावी म्हणून लाच दिल्याच्या आरोपावरून 17 फेब्रुवारी 2017 रोजी ली जे-योंग यांना अटक झाली. ऑगस्टमध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, फेब्रुवारी 2018 मध्ये अपील न्यायालयाने ती घटवून स्थगित केली आणि ते बाहेर आले. या दोन निकालांमधला फरक काही अंशी घोड्यांच्या मालकीवर अवलंबून होता. अपील न्यायालय म्हणाले की घोडे सॅमसंगच्याच नावावर राहिले, त्यामुळे लाच मानायची तर त्यांच्या वापराची, घोड्यांची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे अमान्य केले: घोड्यांचा वापर करण्याचा आणि त्यांची विल्हेवाट लावण्याचा अधिकार प्रत्यक्षात चोईकडे गेला होता, म्हणून तिन्ही घोडे लाचच. कागदावरचे नाव आणि प्रत्यक्ष ताबा यांतला फरक ओळखून न्यायालयाने निवाडा दिला, आणि तोही अशा माणसाविरुद्ध, ज्याची संपूर्ण सत्ता याच फरकावर उभी आहे.

जानेवारी 2021 मध्ये अडीच वर्षांची शिक्षा कायम झाली, ऑगस्टमध्ये पॅरोलवर सुटका झाली, आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये अर्थव्यवस्थेला हातभार लागावा असे कारण देऊन राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी माफी दिली. दोन्ही वेळचा मिळून सुमारे दीड वर्षाचा तुरुंगवास त्यांना भोगावा लागला. त्या ऑक्टोबरमध्ये ते कार्यकारी अध्यक्ष झाले. जुलै 2018 मध्ये, पहिल्या सुटकेनंतर काही महिन्यांतच, त्यांचे ठळक सार्वजनिक दर्शन घडले ते नोएडात, मोबाइल कारखान्याच्या विस्ताराच्या उद्घाटनाला. पंतप्रधान मोदी आणि राष्ट्राध्यक्ष मून जे-इन तेथे उपस्थित होते.

विलीनीकरणाबद्दल शेअर बाजारात लबाडी आणि हिशेबात फेरफार केल्याचा वेगळा खटला 2020 मध्ये दाखल झाला होता. त्यात सॅमसंग बायोलॉजिक्स या उपकंपनीच्या हिशेबातील सुमारे साडेचार लाख कोटी वॉनचा मूल्यबदलही होता. फेब्रुवारी 2024 मध्ये ते सर्व आरोपांतून निर्दोष सुटले, अपिलातही तोच निकाल लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला 17 जुलै 2025 रोजी, त्या मतदानाला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी. लाचखोरीत दोषी ठरलेला माणूस, ज्या सत्तांतराच्या संदर्भात लाच दिली गेली त्याच व्यवहारात निर्दोष कसा, असा गोंधळ वाचकाचा होणे स्वाभाविक आहे. पण दोन्ही खटल्यांतले प्रश्न निराळे होते. पहिल्यात सत्ताधाऱ्याला लाभ दिला का, हे पाहायचे होते. दुसऱ्यात विलीनीकरणाचा एकमेव हेतू वारसाचा लाभ होता आणि भागधारकांचे नुकसान केले गेले, हे सिद्ध करायचे होते. ते सिद्ध झाले नाही, आणि जप्त केलेल्या डिजिटल पुराव्यांपैकी बराच भाग जप्तीची रीत सदोष ठरल्याने ग्राह्य धरला गेला नाही.

मधल्या काळात वडिलांच्या निधनानंतरचा कर मात्र चुकवता आला नाही. कुटुंबाने 12 लाख कोटी वॉनहून अधिक वारसा कर पाच वर्षांच्या हप्त्यांत भरण्याचे ठरवले, जो कोरियाच्या इतिहासातला विक्रम आहे, आणि मोने व पिकासो यांच्या कलाकृतींसह सुमारे 23,000 कलावस्तू संग्रहालयांना दिल्या. हप्ते भरण्यासाठी आईला आणि बहिणींना समभाग विकावे लागले. सॅमसंग लाइफमधील वडिलांच्या हिश्शाचा निम्मा भाग मात्र एकट्या जे-योंग यांना मिळाला, बाकीचा अर्धा बहिणींना. साखळी तुटू नये याची काळजी वाटणीतही घेतली गेली.

मे 2020 मध्ये त्यांनी जाहीर माफी मागताना सांगितले की आपण व्यवस्थापनाचा अधिकार आपल्या मुलांकडे सोपवणार नाही, आणि कामगार संघटना होऊ न देण्याचे समूहाचे जुने धोरणही सोडून देऊ. दुसरा शब्द कितपत पाळला गेला याची एक खूण म्हणजे 2024 मध्ये सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्समध्ये कंपनीच्या इतिहासातला पहिला संप झाला. व्यवसायाच्या आघाडीवर याच काळात सॅमसंगला धक्का बसला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप्सना लागणाऱ्या जलद मेमरीच्या बाजारात एसके हायनिक्सने आघाडी घेतली. मेमरी हे सॅमसंगचे तीन दशकांचे साम्राज्य होते. मालक न्यायालयाच्या फेऱ्यांत अडकल्यामुळे हे घडले, असे त्यांचे समर्थक म्हणतात. हे अर्धेच पटते. ज्या व्यवहारांनी त्यांना मालक केले, त्याच व्यवहारांनी त्यांना न्यायालयात नेले.

साखळी आजही पक्की नाही. सॅमसंग लाइफकडे सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचे सुमारे साडेआठ टक्के समभाग आहेत आणि जे-योंग यांच्या नियंत्रणाचा सर्वांत जाड दोर तोच आहे. विमा कंपनीने भगिनी कंपन्यांचे समभाग आपल्या एकूण मालमत्तेच्या तीन टक्क्यांपर्यंतच बाळगावेत असा कोरियन नियम आहे, मात्र ते तीन टक्के मोजताना खरेदीच्या वेळची, म्हणजे कित्येक दशकांपूर्वीची, किंमत धरली जाते. आजचा बाजारभाव धरावा अशा दुरुस्तीची विधेयके संसदेत पुन्हा पुन्हा मांडली गेली आहेत. ती संमत झाली तर सॅमसंग लाइफला या समभागांचा मोठा भाग विकावा लागेल. ते विलीनीकरणानंतरच्या सॅमसंग सी अँड टीने घ्यावेत असे म्हटले, तर उपकंपन्यांच्या समभागांचे मूल्य तिच्या एकूण मालमत्तेच्या निम्म्याहून अधिक झाल्याने ती कायद्याने नियंत्रक कंपनी ठरेल, आणि अशा नव्या कंपनीला बाजारात नोंदलेल्या उपकंपनीचे किमान 30 टक्के समभाग बाळगावे लागतात. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचे 30 टक्के समभाग विकत घेण्याएवढा पैसा समूहातल्या कोणत्याही कंपनीकडे नाही, आणि या वेळी स्वस्तात मिळू शकेल असे मनोरंजन उद्यानही शिल्लक नाही.